वाल सोलणाऱ्या पाटीलबाई

पाटीलबाईंना माझा चेहरा आठवत असेल की नाही, मला शंकाच आहे. हात मात्र त्या कुठेही ओळखतील. डाव्या अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग, क्रिकेट खेळताना वाकडं झालेलं मधलं बोट, आणि जरा काही खुट्ट झालं की पुढे धावायची त्या हातांची खोड, हे सगळं त्यांना माझ्या बायकोपेक्षा जास्त माहीत आहे. कारण टाळेबंदीच्या त्या वर्षात पाटीलबाईंनी रोज संध्याकाळी मोबाइलवर माझे हात पाहिले. तेवढेच पाहिले.

पाटीलबाई माझ्या मुलीच्या, सईच्या शिक्षिका. सईला ऑटिझम आहे. तेव्हा ती सात वर्षांची होती, बोलत नव्हती, आणि तिचा दिवस ठरल्याप्रमाणे गेला नाही तर घर डोक्यावर घ्यायची. अशा मुलांचा वर्ग बाई केबिन रोडला चालवायच्या, एका भांड्यांच्या दुकानाच्या वरती. उंच, हाडापेराने थोराड, वेणी जाडजूड, आणि पदर असा घट्ट खोचलेला की आत्ता कुणाच्या लग्नातलं जेवण वाढायला निघाल्यात. पहिल्याच दिवशी सईने त्यांचा चष्मा ओढला आणि खिडकीबाहेर फेकला. तो खालच्या दुकानाच्या पत्र्यावर पडला. मी लाजेने अर्धा झालो. "सई! असं करतात का? मॅडमना सॉरी म्हण बघू. मॅडम, सॉरी हां, ती घरी असं कधी करत नाही," वगैरे वगैरे. घरी ती रोज तेच करायची.

बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सईचे पप्पा, तिने एकच वस्तू फेकली. तुम्ही किती शब्द फेकलेत?" आणि चष्म्याशिवायच, डोळे बारीक करत, त्यांनी तो पूर्ण तास घेतला. चष्मा आणायला कुणाला खाली पाठवलंसुद्धा नाही. मला ही बाई त्या दिवशी अजिबात आवडली नव्हती, हे सांगून टाकतो.

मग सगळं बंद झालं. मी एका टूर कंपनीत लोकांची तिकिटं काढायचो. जगाने प्रवासच थांबवल्यावर मला कोण विचारतो? घरी बसलो. बायको, वैशाली, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. तिला सुट्टी सोडाच, उलट दुप्पट काम. म्हणजे शांती नगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत दिवसभर सई आणि मी.

सईच्या डोक्यात घड्याळ आहे. वर्गाची वेळ झाली की चपला घालून, दप्तर पाठीला लावून ती दाराशी उभी. दार उघडलं नाही की ओरडणं, आणि ओरडून भागलं नाही की कपाळ दारावर. धाड, धाड. खालच्या मजल्यावरचे शहाकाका एकदा मास्क लावून अर्ध्या जिन्यापर्यंत आले. "भाईसाब, बुरा मत मानना, पर बा को बीपी है." बा म्हणजे त्यांची म्हातारी आई. मी म्हटलं, "काका, उसको समझता नहीं कि बाहर बंद है." "तो समझाओ ना," काका म्हणाले. समझाओ! आता काय कप्पाळ समजावणार? मला तरी कुठे समजलं होतं?

त्याच आठवड्यात पाटीलबाईंचा व्हिडिओ कॉल आला. सई पलंगाखाली होती. मी मोठ्या उत्साहाने मोबाइल पलंगाखाली घातला. "बघा मॅडम, ही बघा, कपाळ बघा कसं झालंय..."

"पोरीला नका दाखवू," बाई म्हणाल्या. "तिला मी ओळखते. तुमचे हात दाखवा."

"हात?"

"हात. मोबाइल कशाला तरी टेका नि तिच्याजवळ बसा. तोंड न्हाय दिसलं तरी चालंल."

वर्गात बाई अगदी छापील मराठी बोलायच्या. मोबाइलवर त्या त्यांच्या मुर्धा गावातल्या घरून बोलायच्या आणि घरात गावची भाषा चालू असायची, तीच आमच्याकडे यायची. मागे कोंबड्या, सासूबाईंचा खोकला, "कोन हाय गो?" असा त्यांचा प्रश्न, आणि बाईंचं "कोन न्हाय, सईचा बापूस हाय!" रेंज गेली की बाई गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. आणि खाली असोत की वर, पुढ्यात परात. परातीत मोड आलेले वाल. बाई वाल सोलायच्या. बोटांच्या चिमटीत दाबला की साल हातात आणि दाणा स्टीलच्या वाटीत. टप. पुन्हा टप.

माझं डोकंच सणकलं. इथे माझ्या मुलीचं कपाळ फुटायची वेळ आलीय आणि ह्यांचं बिरड्याचं चाललंय! चार दिवसांनी मी बोललोच, "मॅडम, तुम्ही फ्री असाल तेव्हा करूया का?"

"मी फ्रीच हाय," बाई म्हणाल्या. "माझे हात रिकामे असले की मी बोलत सुटते. मी बोलले की तुमी ऐकत बसता. तुमी माझं ऐकत बसलात तर सईकडं कोन बघनार?"

मी मोबाइल नीट टेकवला आणि सईकडे वळलो.

त्यांचं शिकवणं म्हणजे मुख्यतः मला आवरणं. सई पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला लागली की माझा हात निघालाच. "हात मागं." सई फ्रॉकच्या बाहीत अडकली की माझा हात निघालाच. "सईचे पप्पा, हात." मी मागे घ्यायचो. ती कुंथायची, चिडायची, बाटली आपटायची. परातीतून टप, टप. मी घामाघूम. आणि मग एकदा झाकण निघायचं. मी ओरडणार, "वा वा, सई, ग्रेट!" तर बाई आधीच म्हणालेल्या असायच्या, "झालं." शाब्बास नाही, व्हेरी गुड नाही. नुसतं झालं. आणि फोन बंद. टाटा-बायबायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. त्यांचं म्हणणं, निरोप लांबवला की पोरं त्यातच अडकून बसतात.

एकदा त्यांनी सगळ्या पालकांना एकत्र कॉलवर घेतलं होतं. त्यात एक आई बोलता बोलता रडायला लागली. त्या दिवशी तिने मुलाला मारलं होतं, लाटण्याने. एक गृहस्थ घसा खाकरून काहीतरी उपदेशपर सुरू करणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "रडून घे गो बाय. आमी बसलोत." आणि खरंच सगळे बसले. छोट्या छोट्या चौकटींत माणसं, कुणी भाजी निवडतंय, कुणी मांडीवर मूल थोपटतंय, आणि मधल्या चौकटीत बाईंचे वाल. ती आई मनसोक्त रडली. मी पण जरासं रडून घेतलं, कॅमेरा बंद करून.

दाराचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. सईचं कपाळ रोज तिथेच. शेवटी बाईंनी विचारलं, "घरात लाल टेप हाय?" होती. टेनिस बॉलला गुंडाळायची. दारापासून हातभर आत, जमिनीवर आडवी पट्टी चिकटवायला सांगितली. संध्याकाळी सई दाराकडे निघाली की पट्टीवर थांबायचं, तिथे चपला काढायच्या, खाली बसायचं. बसली की लगेच समोर वालांची वाटी. कारण एव्हाना फोनमधून तो टप आवाज आला की सई पलंगाखालून बाहेर यायची, हे बाईंनी हेरलं होतं. माझ्या मात्र कधी लक्षात आलं नव्हतं. तर वैशालीने वाल आणले, मी भिजवले, मोड आणले. सई पट्टीशी बसायची, फोनमध्ये बाई सोलायच्या, इकडे मी सोलायचो, आणि सई दाणे वाटीत टाकायची. त्या वर्षी आम्ही इतकं बिरडं खाल्लं की वैशाली म्हणाली, "आता सईला मुगाची आवड लाव."

पण जमलं. खरंच जमलं! धाड धाड बंद झाली. कपाळावरची सूज उतरली. शहाकाकांनी मेसेजमध्ये हात जोडलेले पाठवले. मी बाईंना म्हटलं, "मॅडम, तुम्ही जादू केलीत." त्या म्हणाल्या, "झालं." पण त्या दिवशी त्या हसल्या, आणि हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

मग एकेक गोष्ट उघडायला लागली. दुकानं उघडली, बागा उघडल्या, रस्त्यावर मुलं दिसायला लागली. एका संध्याकाळी मी दार सताड उघडलं आणि म्हटलं, "चल सई, खाली जाऊ!" सई पट्टीपर्यंत आली. थांबली. चपला काढल्या. खाली बसली आणि वाटीसाठी हात पुढे केला.

मला वाटलं, सवय आहे, जाईल. पट्टी खरवडून काढली, तर जिथे पट्टी होती त्या फरशीवर ती बरोब्बर थांबली. वाटी दाराबाहेर ठेवली, तर पालथी पडून, पाय आत ठेवून, हाताने वाटी आत ओढली. दिवसामागून दिवस हेच. तेवढ्यात तिची दाढ दुखायला लागली. गाल सुजला, जेवण सुटलं. दाताच्या डॉक्टरकडे न्यायलाच हवं होतं. फोनवर बाई होत्या, तरी मी घाईने सईला सरळ उचलली आणि दाराबाहेर पाऊल टाकलं. तिने दाराची जाळी पकडली. ती किंकाळी मला अजून ऐकू येते. बोटं सोडवताना तिचं नख उलटलं.

"ठेवा खाली," फोनमधून आवाज आला. "दादा, ठेवा तिला." त्यांनी मला दादा म्हटलं ते तेवढंच.

मी ठेवलं. सई पलंगाखाली गेली. आणि मी मोबाइल तोंडासमोर धरून, आयुष्यात बोललो नसेन असं बोललो. "तुम्हीच शिकवलंत हे! आता काय, जन्मभर पट्टीच्या आत ठेवू हिला? आम्ही मेल्यावर कोण वाटी देणार आहे?"

बाईंचे हात थांबले. मी ते हात थांबलेले कधी पाहिले नव्हते. त्यांनी फोन ठेवला. दाढेचं औषध डॉक्टरांनी फोनवरून दिलं, सूज तात्पुरती उतरली. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला, पुढ्यात परात नव्हती.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "थांबायला शिकवलं. निघायचं कधी, ते शिकवायचंच राह्यलं." मग म्हणाल्या, "माझा एक भाऊ होता, सईसारखा. आई मिठागरावर कामाला जायची, तवा त्याला बाजेच्या पायाला बांधून जायची. आईला तरी काय बोलनार, खाडी बाजूलाच होती. मी शाळेतनं आले की पयली त्याची दोरी सोडायची. ह्या कामात मी त्यासाठीच आले हो. नि तुमच्या दारात मीच दोरी बांधून ठेवली."

मी म्हटलं, "मॅडम, असं नका..."

"सासूबायच्या छातीमुळं मीपन घर सोडलं न्हाय इतके दिवस. मीपन पट्टीच्या आतच हाय," बाई म्हणाल्या. "उद्या येते."

आल्या. मास्क, वरून ती प्लास्टिकची काच, हातात कापडी पिशवी. मी दार उघडलं. सईने त्यांच्याकडे पाहिलं, किंचाळली, आत पळाली, आणि येताना माझा मोबाइल घेऊन आली. तो माझ्या मांडीवर आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. तिला पाटीलबाई हव्या होत्या. ही दारातली धिप्पाड बाई नको होती.

मला इतकं वाईट वाटलं! वर्षभर जिने ह्या मुलीसाठी उन्हातान्हात गच्चीवर बसून फोन केले, तिला मुलगी ओळखत नाही. बाई मात्र काचेमागून हसल्या. "बरोबर हाय तिचं," म्हणाल्या. "मी फोनात राहते ना." मग मला हळूच सूचना दिल्या, "दार उघडं ठेवा. फोन पट्टीच्या जागी टेका. तुमी भिंतीला टेकून बसा नि हात मांडीखाली घ्या."

"मांडीखाली?"

"दोन्ही."

बसलो स्वतःच्याच हातांवर. बाई जिना उतरून वळणापर्यंत गेल्या, पायरीवर बसल्या, पिशवीतून डबा आणि वाटी काढली, आणि फोन लावला. स्क्रीनवर काच नाही, मास्क हनुवटीखाली, नेहमीच्या पाटीलबाई. सई लगेच शांत. फोनसमोर येऊन बसली.

टप. जिन्यातून. मग लगेच फोनमधून, जरा उशिरा, टप.

सईने मान वाकडी केली. फोनला कान लावला. पुन्हा जिन्यातून टप, मागोमाग फोनमधून टप. तिने फोनवर तळहात दाबून धरला. फोनचा आवाज दबला, जिन्यातला येतच राहिला. तिने दाराकडे पाहिलं. नेमकं तेव्हाच खाली शहाकाकांचं दार उघडलं. "कौन बैठा है इधर?" मेलो, म्हटलं. पण बाईंनी बहुतेक ओठांवर बोट ठेवलं असावं, कारण पुढचं वाक्य आलंच नाही. थोड्या वेळाने टप टप जरा जास्त दाट झाली. नंतर कळलं, काका मास्क लावून दोन पायऱ्या सोडून बसले होते आणि बाईंनी त्यांच्याही ओंजळीत वाल घातले होते. गुजराती माणूस, वाल त्यांना काही नवे नव्हते.

सईने फोन पालथा घातला. उठली. पट्टीच्या जागेवर जाऊन उभी राहिली, आणि सवयीने चपला काढायला वाकली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आज चपला घातलेल्याच नाहीत. ती तशीच वाकलेली राहिली. माझे हात मांडीखाली वळवळत होते. जरासा धक्का, म्हटलं, नुसतं बोट लावतो. पण नाही लावलं. सईने एक पाय पुढे टाकला. मग दुसरा. उंबऱ्याबाहेर गेली. पहिल्या पायरीवर बसली, मग बसूनच एकेक पायरी खाली सरकत गेली, आणि मला दिसेनाशी झाली.

टप थांबली. मग एक टप आली, जरा वेडीवाकडी, वाटीच्या कडेला लागून. ती सईची होती.

"झालं," खालून बाई म्हणाल्या.

मी ढसाढसा रडत होतो आणि डोळे पुसता येत नव्हते, हात मांडीखाली होते. काढायला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे बाई येत राहिल्या आणि दर वेळी थोडं लांब बसत गेल्या. खालच्या मजल्यावर, मग गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीवर, मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीजवळ. सई त्या आवाजामागे सगळीकडे गेली. दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा गेली, तिथे बाई बाहेरच्या बाकावर डबा उघडून बसल्या होत्या. आम्ही म्हटलं, सुटलो. आणि नेमकं तेव्हाच एके दिवशी त्या म्हणाल्या, "सोमवारपासून प्रिया नावाची मुलगी येईल. चांगली आहे. मी आता येणार नाही." हे छापील मराठीत म्हणाल्या, म्हणजे ठरलेलं होतं.

मी भडकलो. "मॅडम, आत्ता कुठे घडी बसलीय! तुम्ही असलात की ती कुठेही जाते."

"मी असले की," त्या म्हणाल्या. "तेच ना. आता मीच पट्टी व्हायला लागलेय."

आणि वाटी पिशवीत टाकून निघाल्या. टाटा नाही, मागे वळून बघणं नाही. सई गेटपर्यंत त्यांच्या मागे गेली. रिक्षा वळली तशी परत आली. मला त्यांचा राग बरेच दिवस होता. प्रियाने सईला वालांशिवाय खाली न्यायला शिकवलं. मग मी नुसता चपला घालून उभा राहिलो की यायला शिकवलं. त्यात बरेच महिने गेले, आणि त्या महिन्यांत राग कधी गेला ते कळलं नाही.

बाईंना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. वर्षभराने असेल, केबिन रोडला, संध्याकाळच्या गर्दीत. रस्त्याच्या पलीकडे भाजीवाल्याच्या हातगाडीशी त्या उभ्या होत्या, पदर तसाच खोचलेला. सई माझ्या पुढे चालत होती, आपल्या नादात, दुकानांच्या शटरवरून बोट फिरवत. मी हाक मारणार इतक्यात बाईंनी वर पाहिलं. सईकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांची नजर सरळ माझ्या हातांवर आली. एका हातात पिशवी होती, दुसऱ्यात कोथिंबिरीची जुडी. सईचा हात कशातच नव्हता. बाईंनी ते नीट बघून घेतलं. ओठ हलले. एवढ्या गोंगाटात ऐकू कसलं येतंय, पण शब्द मला माहीत होता.

मग त्या हातगाडीकडे वळल्या आणि भाजीवाल्याला वालाचा भाव विचारू लागल्या. सई तोपर्यंत बरीच पुढे गेली होती. मी धावलो नाही.